तुडुमापाशी वर उठलेला हात

त्या फिल्ममध्ये माझा उजवा हात सुमारे बारा सेकंद दिसतो. तळहात समोर, बोटे जुळलेली. वर्गातील गोंगाट थांबवण्यासाठी जसा मी आयुष्यभर उचलीत आलो, अगदी तसा. मागे तळ्याची पाळ आहे, मावळतीचा तांबडा उजेड आहे, आणि दुरून कोणीतरी ओरडत आहे. अनभिज्ञ प्रेक्षकाला वाटेल की, पूजेत विघ्न नको म्हणून एक वृद्ध गृहस्थ शांततेची विनंती करीत आहेत. त्यानंतर अर्ध्या घटकेत एका माणसाचा पाय फाटला आणि दुसऱ्याचे दोन्ही हात लोकांनी मोडले. दुसरा माणूस माझा धाकटा चुलतभाऊ. हे सारे मी क्रमाने लिहून ठेवतो, कारण गावात ते वेगवेगळ्या क्रमाने सांगितले जाऊ लागले आहे.

आमचे गाव सडक अर्जुनी तालुक्यात, महामार्ग सोडून आत, रानाच्या कडेला आहे. गावाचे तळे माझ्या पूर्वजांनी खोदले. पाळीच्या पोटातून पाटात पाणी सोडण्याचे जे दार असते त्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात. त्याचा लाकडी दांडा वर ओढला की पाणी धावते, खाली दाबला की थांबते. ज्या घराने तळे खोदले त्या घरातील ज्येष्ठ पुरुषाने वर्षातून दोनदा तुडुमाची पूजा करावी, आणि पूजेच्या दिवशी तो दांडा त्याच्यावाचून दुसऱ्या कोणी धरू नये, असा नेम आहे. एरवी कोणीही तो उघडतो, लावतो. मी नऊ वर्षांचा असताना वडिलांनी मला संस्कृत पाठशाळेत ठेवले. पुढे गोंदियाच्या एका शाळेत तोच विषय शिकवण्यात माझे आयुष्य गेले, आणि आता मी गोंदियालगत कुडव्याला मुलाकडे राहतो. तथापि त्या दोन दिवसांसाठी मी बस पकडून गावी जातोच. नेम चुकल्याचे मला स्मरत नाही, आणि या गोष्टीचा मला अभिमान होता.

चुलतभावाची घडण वेगळी. त्याने शाळा लवकर सोडली, पण कोणतेही यंत्र उघडल्यावाचून त्याला चैन पडत नसे. अस्वलाने पंजा मारला तर कवटी वाचावी म्हणून डोक्यावर ॲल्युमिनियमचे पातेले दोरीने बांधून तो रानात शिरे. रानडुकरांच्या मागे तो आठ-आठ दिवस हिंडत असे. कोणता कळप कोणत्या नाल्यात लोळतो, कोणत्या वाटेने धानात उतरतो, हे शाळेच्या वहीत नकाशे काढून लिहीत असे. गाव त्याला येडा इंजिनेर म्हणे. तोही त्या नावाला ओ देई.

तीन वर्षांपूर्वी कापणीच्या दिवसांत त्याची पत्नी पहाटे गवत कापायला गेली. डुकरे मारण्यासाठी कोणीतरी खांबावरून वीज घेऊन बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या भोवती, गुडघ्याएवढ्या उंचीवर उघडी तार लावली होती. मी पोहोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवले होते. घोट्याभोवती काळे कडे उमटले होते, आणि उजव्या हाताची बोटे विळ्याच्या मुठीवर अशी आवळली होती की विळा तिच्यासवे चितेवर ठेवावा लागला. तार कोणाची हे साऱ्या गावाला ठाऊक होते. पोलीस येण्यापूर्वी ती गुंडाळली गेली. कोणी बोलले नाही. तेरा दिवस मी तेथे होतो. सर्व विधी मी यथासांग पार पाडले, आणि मीही बोललो नाही.

तेराव्याच्या संध्याकाळी चुलतभाऊ माझ्याजवळ येऊन बसला.

"दादा, तार कोनाची होती ते मी कोनाले विचारत नाही. तार लागतेच कायले, येवढं मले सांगा."

"डुकरांसाठी."

"हाव ना. मंग डुकरं आलेच नाहीत, तं तार लागत नाही."

तेव्हापासून त्याने दुसरे काही केले नाही. डुकरे डोळ्यांनी नव्हे, कानांनी जगतात, असे त्याचे मत होते. त्याने पाटात एक पाणचाक बसवले. चाक फिरले की त्याच्या खुंट्या लाकडी हातोडे उचलीत आणि टिनाच्या पत्र्यावर सोडीत. चार दिवस कळप फिरकला नाही. पाचव्या दिवशी डुकरे त्याच पत्र्याखाली उभी राहून लोंब्या चघळीत होती. ठोके समान अंतराने पडत होते, आणि ज्याचे अंतर समान त्याचे भय राहत नाही.

मग एका दुपारी तो मोपेडवरून कुडव्याला आला. पातेले डोक्यावरच होते. "दादा, तुमच्या त्या श्लोकाइत ठोके कसे पडतेत? लहान-मोठे?" मी त्याला लघु-गुरू समजावले. त्याने बोटांवर मोजत अनुष्टुभाचा साचा उतरवून घेतला आणि तशा खुंट्या ठोकल्या. महिन्याभरात तो परत आला. "अनुष्टुभ डुकरांनी बारा दिवसांत पाठ केलं, दादा. तुमच्या पोरांपेक्षा हुशार निंगाले." इतका मोकळा मी कित्येक वर्षांत हसलो नव्हतो. मग आम्ही दोघांनी बसून दोन चाके योजली. एकावर मंदाक्रांतेची सतरा अक्षरे, दुसऱ्यावर शार्दूलविक्रीडिताची एकोणीस. दोन्ही एकत्र फिरली की तोच क्रम पुन्हा यायला इतका अवधी लागतो की कोणत्याही प्राण्याच्या स्मरणात तो राहू नये. ज्या विद्येचा गावाला कधी उपयोग झाला नव्हता, ती पाटाच्या पाण्यावर फिरताना पाहून मला जो आनंद झाला, त्यात अहंकार होता हे मी आज मान्य करतो.

गेल्या हंगामाच्या आरंभी गावाने सभेत करार केला. कापणी होईपर्यंत कोणी तार लावायची नाही. चाक फिरत असता डुकरे धानात शिरली तर चाक मोडायचे, आणि तारा पुन्हा लागतील. चुलतभावाने मान डोलावली. त्याच्या दृष्टीने त्या चाकात एवढेच पणाला लागले होते, आणि तेच सर्वस्व होते.

फिल्मवाले याच सुमारास आले. तिशी-पस्तिशीची एक दिग्दर्शिका, हिंदीभाषक कॅमेरामन आणि ध्वनी टिपणारा एक अबोल गृहस्थ. रानावनात एकट्याने काही अचाट करीत बसलेल्या माणसांवर ती फिल्म करते. बर्फाळ डोंगरात वाऱ्यावर पीठ दळणारा एक म्हातारा, समुद्रातील एका ओसाड बेटावर पक्ष्यांसाठी दगडी घरे रचणारा दुसरा, अशा कथा तिने मला सांगितल्या. "गुरुजी, हे लोक वेडे नसतात," ती म्हणाली, "त्यांना एकच प्रश्न सोडत नाही, एवढंच." चुलतभावाला ती पाहताक्षणी आवडली, कारण तिने प्रथम पातेले उलटे करून आतील दोरीची गाठ पाहिली.

त्यांचे काम मी आठ दिवस पाहिले. त्यात प्रतीक्षा पुष्कळ आहे, आणि 'आणखी एकदा' हे शब्द पुष्कळ आहेत. चुलतभावाने हातोडा ठोकला की आणखी एकदा. नाला ओलांडला की आणखी एकदा. तो चिडे. "बाई, डुक्कर आनखी एकदा येत नसते!"

तिसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या अंगाला, जेथे चाकाचा आवाज पोहोचत नाही, एक डुकरीण पडक्या विहिरीत कोसळली. आरडाओरड ऐकून आम्ही गेलो. विहिरीत पाणी छातीएवढे होते. दहा-बारा पुरुष कठड्यावरून दगड टाकीत होते. दगड पाठीवर बसला की ती किंचाळे. तो आवाज मनुष्याच्या आवाजाच्या इतका निकट होता की मी कानांवर हात ठेवले. मग एकाने दोरीला भाला बांधून खाली खुपसला. तो बरगडीत रुतला, आणि ती भिंत चढू पाहत भाल्यासकट गरगर फिरू लागली. पाणी प्रथम गढूळ झाले, मग लाल. कोणीतरी हसत म्हणाले, "घे, धान खाय आता!" ती मरायला पुष्कळ वेळ लागला. दिग्दर्शिका बाजूला जाऊन ओकली. तोंड पुसून ती परतली आणि कॅमेरामनला तिने हलक्या स्वरात विचारले, "मिला क्या?" त्याने होकारार्थी मान हलवली. चुलतभाऊ विहिरीकडे न पाहता म्हणाला, "हे पाहून ठेवा दादा. चाक थांबलं तं हे उद्या आमच्या बाजूले बी होईन."

आठवा दिवस तुडुमाच्या पूजेचा. भात दाण्यावर आला की शेवटचे पाणी सोडण्यापूर्वी ही पूजा होते. तुडूम बंद करायचे, पाट स्थिर झाला की त्यावर दिवा सोडायचा, संकल्प, नारळ, नैवेद्य, आणि मग दांडा ओढून पाणी मोकळे करायचे. एरवी हे मी माध्यान्ही करतो आणि दहा मिनिटांत उरकते. दिग्दर्शिकेने विचारले, "गुरुजी, संध्याकाळच्या उजेडात करता येईल?" शास्त्राला बाध नव्हता. मी होकार दिला. चुलतभाऊ मात्र थबकला. संध्याकाळ ही कळपांची उतरण्याची वेळ, आणि पाट थांबला की चाक थांबणार.

"दहा मिन्टं ना, दादा?"

"दहाच मिनिटे."

"तुमी म्हनता तं ठीक." तो ध्वनीवाल्यासह बांध्यांच्या पलीकडच्या मचाणावर गेला. चाक थांबून पुन्हा सुरू होतानाचा आवाज त्यांना तेथून टिपायचा होता.

तुडुमापाशी गावातील वीस माणसे जमली होती. मी दांडा दाबला. पाट निवला. चाकाचे ठोके विरळ झाले, आणि थांबले. तीन महिन्यांत प्रथमच तो परिसर निःशब्द झाला.

मी दिवा सोडला. वाऱ्याने तो विझला. विझलेल्या दिव्यावर संकल्प करीत नाहीत, म्हणून मी आचमनापासून पुन्हा आरंभ केला. संकल्पाच्या मध्यावर कॅमेऱ्यातील कार्ड भरले आणि कॅमेरामन पुटपुटला. दिग्दर्शिका लगेच म्हणाली, "गुरुजी, आम्ही नंतर जोडून घेऊ, तुम्ही थांबू नका." हे मी मुद्दाम नोंदवतो. तिने मला थांबवले नाही. मीच म्हणालो, "खंडित संकल्प संकल्प होत नाही. पुन्हा पहिल्यापासून." आणि मी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, सावकाश, प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारीत, कारण कॅमेरा समोर होता आणि पूजा यथासांग कशी होते हे जगाने पाहावे अशी मला इच्छा होती. दहा मिनिटे केव्हाच सरली होती.

तेव्हा मचाणावरून हाक आली. "दादा! पानी!"

मी ऐकले. माझे ओठ चालू होते.

"दादा, पानी सोडा! उतरून रायले!"

जमलेल्यांत चुळबुळ झाली. एकजण दांड्याकडे सरकला. मी हात वर केला. तळहात समोर, बोटे जुळलेली. तो माणूस थांबला. सारे थांबले. बारा सेकंद.

मग पलीकडे धान आडवेउभे दुभंगत गेल्याचा आवाज आला, आणि राखणीचा कुत्रा केकाटला.

पंधरा-वीस डुकरांचा कळप धुरे, म्हणजे शेतांचे बांध, तुडवीत आत शिरला होता. पहिल्या बांधीचा शेतकरी माझ्यासमोर पूजेलाच उभा होता. त्याने कोणाचीही वाट पाहिली नाही. धुऱ्यावर खोचलेली कुऱ्हाड उपसून तो धावला. मी दांडा ओढला तेव्हा तो अर्ध्या वाटेवर होता. पाणी चाकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

कळप पांगला, पण सुळेवाला मोठा नर फिरला. शेतकऱ्याचा घाव खांद्यावरून निसटला. नराने मान खाली घातली आणि वर उडवली, एवढेच मला दिसले. माणूस उभाच होता. मांडीवरचे धोतर फाटले होते आणि आत पांढरे दिसत होते. क्षणभराने तेथून रक्त आले, आणि आले ते कारंज्यासारखे. तो खाली बसला. नर पुन्हा आला. कुत्र्याने त्याच्या कानाला दात लावले. एका हिसड्यात कुत्र्याचे पोट उघडले, आणि आपल्याच आतड्यांत पाय अडकून तो गोल फिरू लागला. तोवर माणसे पोहोचली. काठ्या, कुऱ्हाडी, दगड. नर निसटला. एक अर्धवट वाढलेले पिल्लू मागे राहिले, त्याचे डोके त्यांनी ते ओळखू येईनासे होईपर्यंत ठेचले. आणि नेमके त्याच वेळी चाक सुरू झाले. लघु, गुरू, लघु. रक्ताळलेल्या धानावर ते ठोके पडू लागले.

जखमीची मांडी पंच्याने आवळून त्याला खाटेवर घातले आणि ट्रॅक्टरवरून सडक अर्जुनीला नेले; तेथून गोंदियाला. ट्रॅक्टर दिसेनासा झाला तेव्हा उरलेल्यांच्या हातांना काम राहिले नाही. मचाणावरून धावत आलेला चुलतभाऊ धापा टाकत समोर उभा होता, डोक्यावर पातेले.

"कुठी गेलं तुयं चाक?" एकाने विचारले.

चुलतभावाने माझ्याकडे पाहिले. मग पाटाकडे.

पहिली काठी पातेल्यावर बसली आणि घंटेसारखा नाद झाला. कोणीतरी हसले, इतके ते विचित्र होते. दुसरी काठी तोंडावर बसली. मग त्यांनी चाकाचेच हातोडे उपटले. त्याला पाटाच्या काठावर पालथे घालून, त्याचे हात दगडावर धरून, "यानंच बनवते ना, यानंच?" असे विचारत ते हातोडे घातले. प्रत्येक ठोक्याला बोटांतून कोरडी फाटी मोडल्यासारखा आवाज येत होता. तो ओरडला, मग नुसता श्वास टाकू लागला. मारणाऱ्यांत त्या वीसांतलेच होते, जे माझ्यासमोर हात जोडून उभे होते, ज्यांनी माझा हात वर गेलेला पाहिला होता. पाणी कोणी अडवले हे त्यांतील प्रत्येकाला ठाऊक होते. माझ्या हातात पूजेचे ताम्हण होते. मी म्हणालो, "थांबा." चारदा म्हणालो. पण हात वर केला नाही. का केला नाही, हे मला अजून सांगता येत नाही. दिग्दर्शिका मात्र मध्ये शिरली, तिला ढकलून दिले, ती पुन्हा शिरली. कॅमेरामनने कॅमेरा टाकून चुलतभावावर स्वतःला आडवे घातले, आणि दोन काठ्या त्याच्या पाठीवर बसल्या, तेव्हा ते थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा झाली. जखमी वाचला होता, पाय वाचला नव्हता. गुडघ्याच्या वर कापावा लागला. सभेने ठरवले की चाक खोटे ठरले, उद्या सायंकाळी तारा लागतील. मी तेथे होतो. एकजण आदराने म्हणाला, "गुरुजी, तुमी कायले मनाले लावून घेता? तुमचं देवाचं काम होतं." सर्वांनी माना डोलावल्या. मला आठवले, हेच लोक आणि हाच मी, तीन वर्षांपूर्वी, त्या गुंडाळलेल्या तारेभोवती असेच माना डोलावीत बसलो होतो.

दुपारी मी गोंदियाच्या रुग्णालयात गेलो. चुलतभावाचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते, ओठ शिवलेला होता.

"तू सांगितले का नाहीस?"

"काय सांगू?" शिवलेल्या ओठातून शब्द नीट फुटत नव्हते. "गुरुजीनं पानी अडवलं, म्हनून? तुमाले कोनी मारलं असतं का, दादा?"

"नाही."

"मंग. सांगून फायदा काय."

बाहेरच्या व्हरांड्यात दिग्दर्शिका बसली होती. तिने छोट्या पडद्यावर मला तो भाग दाखवला. दोनदा हाक ऐकू येते. हात वर जातो. "हे तुमच्याशी बोलल्याशिवाय मी वापरणार नाही," ती म्हणाली. "काढायचं असेल तर काढू. मी हे दुसऱ्या कुणाला आजवर म्हटलेलं नाही."

खोटे कशाला लिहू. काढून टाका, हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. आयुष्यभर लोक माझ्या पाया पडत आले. ती सवय माझ्यातही मुरली आहे.

"हे भिंतीवर मोठे दाखवता येते का?" मी विचारले.

तारा लावायच्या दिवशी, दिवस मावळताना, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तिने ते दाखवले. निम्मे गाव जमले होते. जखमीची आई पुढे बसली होती. ती त्या सायंकाळी तुडुमापाशी नव्हती. भिंतीवर माझा हात पुरुषभर उंचीचा झाला. "दादा, पानी सोडा!" हे सर्वांना ऐकू आले. मी उठून म्हणालो, "पाणी मी अडवले. दहा मिनिटे सांगून अडवले, आणि याने दोनदा हाक मारली तरी सोडले नाही. पूजेला तितका वेळ लागत नाही. मी लावला, कारण मला पाहिले जात होते."

मग मागून एक वडीलधारा माणूस म्हणाला, "जाऊ द्या ना गुरुजी. चूक कोनाचीच नाही. होनारं होते." मागून दुसरा म्हणाला, "हाव, आता तारा लावू, विषय संपला."

"करार चाक फिरत असण्याचा होता," मी म्हणालो. "चाक फिरत नव्हते. करार मोडलेला नाही. जे मोडायचे ते माझे मोडा."

माझ्या अंगावर कोणी आले नाही. चुलतभावाने रुग्णालयात सांगितले होते तसेच झाले. एक काठी उचलली गेली असती तर मी कदाचित त्या रात्री झोपलो असतो.

जखमीची आई भिंतीकडेच पाहत होती. "पुन्ना लावा ते," ती म्हणाली. पुन्हा लावले. हाक आली, हात वर गेला. तिसऱ्यांदा तिने सांगितले, "पुरे." मग तिने वळून पुरुषांना विचारले, "तारेनं माया पोराचा पाय येते का वापस?"

पुरुष हातातल्या तारेच्या वेटोळ्यांकडे पाहू लागले.

"मंग तार कायले? चाक बांधा." आणि माझ्याकडे पाहून, आवाज न चढवता, "अन तुमी, पूजा असो का काही असो, पानी बंद नाही कराचं."

दोघा-तिघांनी तिरीमिरीत तारेची वेटोळी अंगणात आपटली, एकाने आमच्या घराच्या दारावर दगड घातला, पण त्या सायंकाळी तार लागली नाही.

चाक पुन्हा बांधायला सहा दिवस लागले. चुलतभावाला खाटेवर पाटापाशी आणून बसवले. हातांचा उपयोग नाही, म्हणून तो तोंडाने सांगे आणि मी करी. मी जन्मभर पुस्तकाची पाने उलटली. सुताराचा वाकस कधी हातात धरला नव्हता. पहिल्याच दिवशी डाव्या अंगठ्याचे नख उडाले.

"दादा, ते गुरू आहे, खुंटी दूर ठोका. येवढं शिकवलं जगाले, अन तुमालेच येत नाही?"

"हात दुखतो रे."

"दुखते ना? दुखू द्या. तुमाले कोनी मारलं तं नाही." असे म्हणून तो शिवलेल्या ओठाने हसला, आणि टाका ताणून रक्त आले. मी पुढची खुंटी दूर ठोकली.

सहा दिवस तरण्यांनी आळीपाळीने पत्रे बडवून राखण केली. सातव्या दिवशी चाक फिरले. त्यानंतर कापणी होईपर्यंत मी कुडव्याला परतलो नाही. दररोज सायंकाळी, कोणी पाणी बंद करू नये म्हणून, दांड्यावर हात ठेवून तुडुमाच्या दगडावर बसलो. मंदाक्रांता आणि शार्दूलविक्रीडित बांध्यांवर पडत राहिले, आणि कळप नाल्याच्या पलीकडून फिरले. फिल्मवाले निघून गेले. जाताना दिग्दर्शिकेने पातेले मागितले, चुलतभावाने दिले नाही. पातेल्यावर काठीचा खोल पोचा आहे, त्यात आता तो कोंबडीला पाणी ठेवतो.

जखमीची आईसुद्धा रोज सायंकाळी पाळीवर येई. पूर्वी मी गावात दिसलो की ती वाकून नमस्कार करीत असे आणि मी आशीर्वाद देत असे. आता ती माझ्याजवळून जाई, तुडुमापाशी थांबे, पाटात वाकून पाणी वाहते आहे ना एवढे पाही, आणि न बोलता परत जाई. कापणीच्या शेवटच्या दिवशीही ती आली. धान घरात गेले होते, राखण्यासारखे काही उरले नव्हते. तिने पाणी पाहिले आणि ती गेली. मी दांड्यावरचा हात काढला नाही.